अठ्ठेचाळिसावा हिस्सा

"इथं सांधा नसतो," आण्णा म्हणाले.

त्यांच्या हातात मी तीन महिने खपून बांधलेलं मिग-२१ होतं. अस्तर मारून झालेलं, रंग अजून चढायचा होता. त्यांनी चष्मा शोधलाही नाही. उजव्या अंगठ्याचं नख नाकाच्या कडेपासून पाठीवरून शेपटापर्यंत सावकाश ओढत नेलं आणि वाटेत दोन ठिकाणी थांबले. मला दिव्याखाली, भिंगातून न दिसलेली रेघ त्यांच्या नखाला लागली होती. मग त्यांनी पंखांच्या मागे, धडाच्या घेरावर बोट ठेवलं. तिथे साच्यातच एक बारीक खाच दिलेली असते आणि लांबी भरण्याच्या भरात मी ती अर्धीअधिक बुजवून टाकली होती. "आणि इथं असतो," ते म्हणाले. "इथून शेपूट सुटं होतं. नाहीतर इंजिन काढणार कुठून?"

आण्णा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. कामाविषयी ते घरी फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र दोन वाक्यांत त्यांनी मला जे शिकवलं, त्यातून हे पुस्तक निघालं.

ते नेमकं काय, हे आधी नीट सांगतो. विमानाच्या मॉडेलचा संच कारखान्यात तयार होतो तो पोलादी साच्यात. वितळलेलं पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने साच्यात घुसवतात, ते थंड झालं की साच्याची दोन दळं सरळ रेषेत उघडतात आणि भाग बाहेर पडतो. सरळ उघडणाऱ्या साच्यातून नळकांड्यासारखी पोकळ वस्तू अखंड निघत नाही. म्हणून विमानाचं धड उभं चिरतात, एक डावी फोड आणि एक उजवी. ती दोन्ही आपण चिकटवतो आणि पाठीवरून व पोटाखालून लांबच लांब सांधा राहतो. खरं विमान असं कुणी बांधत नाही. ते कड्याला कडं जोडत, आडव्या चौकटींवर पत्रा चढवत उभं राहतं आणि मिग-२१ तर पंखांच्या मागे आडवंच दोन तुकड्यांत सुटतं. मागचा तुकडा गाड्यावर मागे ओढला की इंजिन उघडं पडतं. म्हणजे मॉडेलमध्ये जिथे सांधा आहे तिथे विमानात नाही, आणि विमानात जिथे आहे तिथे मॉडेलमध्ये नुसती खाच. खोटा सांधा इतका बुजवायचा की नखालाही लागू नये, आणि खरा सांधा इतका जपायचा की घासताना त्याची एक धारही मरू नये. दोन्हींतला फरक संचातल्या कागदावर छापलेला नसतो. तो कळायला विमान कसं बांधलं होतं ते माहीत असावं लागतं.

लढाऊ जेट विमानाचं मॉडेल बांधण्यावर मराठीत सलग काही मिळेना, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिताना पहिली भीती शब्दांची होती. या छंदातली सगळी भाषा बाहेरची. मराठीत सांगायला गेलो तर दर ओळीत अडखळायला होईल, असं वाटायचं. पण कामाला बसलो तेव्हा लक्षात आलं की शब्द कारागिरांच्या तोंडी कधीचे आहेत. भिंत रंगवणारा रंगारी फटीत लांबी भरतो, त्यावर अस्तर मारतो, मग रंगाचा हात देतो. फिटर कानस मारतो, सांधा बसवतो, धार मोडतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात मुरलेला माणूस डोळ्यांची आखणी करायला बसतो, आणि त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नाही. एवढ्याशा वैमानिकाच्या चेहऱ्यावर डोळा काढताना मला 'आखणी'पेक्षा नेमका शब्द सापडला नाही. जिथे इंग्रजी शब्दच रुळलेला आहे, तिथे तो तसाच ठेवला आहे. स्प्रू म्हणजे सगळे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात ती. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं आणि अक्षरं. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन. यांना ओढूनताणून संस्कृत नावं देण्यात मला अर्थ वाटला नाही.

मॉडेल करण्याची हौस आपल्याला परकी नाही. दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही असं बालपण महाराष्ट्रात विरळा. फरक आहे तो मापाचा. आपल्या किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात, मावळा दरवाजात मावत नाही आणि पायथ्याच्या शेतात अळिवाचं जंगल उगवतं. तिथे माप ठरतं ते भक्तीने, आणि ते तसंच असावं. या छंदात मात्र एकदा माप ठरलं की त्याच्यापुढे कुणाची गय नाही. एकास अठ्ठेचाळीस म्हणजे विमानाचा प्रत्येक इंच अठ्ठेचाळिसाने भागलेला. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार साधारण ७.१५ मीटर, तो या मापात १४९ मिलिमीटर होतो. लांबी नाकावरची नळी सोडून सुमारे १४.७ मीटर, म्हणजे टेबलावर ३० सेंटिमीटरच्या जरा वर, शाळेच्या पट्टीएवढी. एकास बहात्तरमध्ये पंख १० सेंटिमीटरच्या आत येतात आणि विमान तळहातावर बसतं.

हा भागाकार उलटा करून पाहायची सवय लावून घ्या, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. पंखाची मागची कड प्लॅस्टिकमध्ये एक मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ पाच सेंटिमीटर जाड झाली, पोळपाटाच्या कडेसारखी. रंगाचा थर ०.०५ मिलिमीटरचा बसला, तर पत्र्यावर अडीच मिलिमीटरचं लिंपण झालं. आपल्या डोक्यावरचा एक केस या मापात तीन-चार मिलिमीटरची वायर होतो, आणि कॉकपिटमधल्या वायरी दाखवायला खरोखर तेवढीच जाडी लागते. जुन्या वायरमधली तांब्याची एक तार सोलून काढली की काम होतं. नाहीतर स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर फिरवत मऊ करायचा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा. त्याची केसासारखी तार निघते. पहिल्यांदा ती निघते तेव्हा माणूस आणखी पाच-सहा वेळा ओढून बघतोच.

एकास बहात्तर हे माप आलं फूट-इंचांच्या हिशेबातून. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा, एवढाच त्यामागचा सोपा विचार. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रॉग कंपनीने 'पेंग्विन' नावाने प्लॅस्टिकचे संच याच मापात काढले. पुढे युद्ध आलं आणि या खेळण्याला काम लागलं. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाने शाळांतल्या मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं करून मागितली, एकास बहात्तर मापाची, काळी रंगवलेली. काळी अशासाठी की आकाशात दूरवर विमानाची फक्त आकृती दिसते. आपलं कोणतं आणि शत्रूचं कोणतं, हे तोफेवरच्या माणसाने क्षणात ओळखायला हवं. दहा मीटरवर धरलेलं असं मॉडेल सातशेवीस मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. युद्धानंतर, १९५३ मध्ये एअरफिक्स कंपनीचा स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आला आणि तिथून हा छंद घराघरांत गेला. जपानमध्ये शिझुओका परिसराने तो उचलला. तामिया आणि हासेगावा या कंपन्या तिथल्याच. हा इतिहास मी पुस्तकात याहून फार वाढवलेला नाही.

विमान मात्र विचारपूर्वक निवडलं आहे. मिग-२१ हे आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं लढाऊ विमान. १९६३ मध्ये चंदीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते पहिल्यांदा दाखल झालं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच त्याला निरोप दिला गेला. मधल्या बासष्ट वर्षांत हवाईदलाने अशी आठशेच्या वर विमानं वापरली. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. धड आणि पंख ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी होती. साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ इथे बांधली गेली. ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यातल्या द्राक्षबागांत ज्यांच्या डोक्यावरून ही विमानं चाचणीला गेली, त्यांना त्या आवाजाचं वर्णन करून सांगायला नको. आमच्या घरातली मांडणीवरची भांडी आधी थरथरायची आणि आवाज मागाहून यायचा.

हेही इथेच सांगितलं पाहिजे, की या विमानाने आपले अनेक तरुण वैमानिक नेले. मॉडेल टेबलावर देखणं दिसतं म्हणून ते विसरता येत नाही. मी एखाद्या ठरावीक क्रमांकाचं विमान निवडतो तेव्हा आधी त्याचं पुढे काय झालं ते शोधतो. ते पडलं असेल आणि कुणी गेलं असेल, तर ते बांधायचं नाही असं नाही; पण मग ते विक्रीला किंवा बक्षिसाला ठेवायचं नाही, हा माझा स्वतःपुरता नियम आहे.

मिग-२१ निवडण्याचं दुसरं कारण त्याच्या प्रकारांत आहे. आपल्याकडे ते टाइप-७४, ७६, ७७, ९६, ७५ अशा आकड्यांनी ओळखलं गेलं आणि लांबून सगळी सारखीच दिसली तरी एकाचे भाग दुसऱ्याला लावून चालत नाहीत. या पुस्तकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधलेलं विमान टाइप-७७ आहे, म्हणजे मिग-२१ एफएल. हे दोन प्रकारांच्या मधलं. त्याचं काचेचं छत जुन्या पद्धतीचं, समोरच्या काचेसकट अखंड पुढे उघडणारं. शेपटाचा उभा पंखा मात्र नंतरच्या प्रकारासारखा रुंद आणि त्याच्या बुडाशी ब्रेकच्या छत्रीची नळकांडी. हवेचा वेग मोजणारी लांब पिटो नळी नाकाच्या वर, बरोबर मध्यावर. पुढच्या एम आणि बिस प्रकारांत हीच नळी उजवीकडे सरकली, छताची समोरची काच पक्की झाली आणि मागचा भाग उजव्या बाजूला कलून उघडू लागला. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'मिग-२१' लिहिलेलं असतं. त्यातून तुमचं विमान निघेल की नाही हे या तीन-चार जागा पाहून ठरतं. चेक प्रजासत्ताकातल्या एदुआर्द कंपनीने २०११ पासून एकास अठ्ठेचाळीसमध्ये मिग-२१ चे जे संच काढले, त्यांनी हे सगळं पुष्कळ सोपं केलं. मी आधीच्या पीएफ प्रकाराचा संच घेतला आणि शेपटाचा रुंद पंखा माझ्याकडे पडून असलेल्या दुसऱ्या संचातून आणला.

एफएल घेण्यामागे १९७१ चं युद्धदेखील आहे. हे विमान मुळात तोफेशिवाय आलं होतं, फक्त क्षेपणास्त्रांच्या भरवशावर. लढाईसाठी त्याच्या पोटाखाली मधोमध २३ मिलिमीटर तोफेची पेटी लटकवली गेली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडली ती मिग-२१ विमानांनीच. त्या काळातल्या फोटोंत चकचकीत धातूच्या अंगावर घाईघाईने फासलेला हिरवा-मातकट रंग दिसतो, विमानागणिक वेगळा. तो रंगवणं हे स्वतंत्र प्रकरण होईल, आणि झालंही आहे. पुस्तकातलं मुख्य विमान मात्र नंतरच्या काळातलं, रंग उतरवून पुन्हा उघड्या धातूचं झालेलं, नव्या वैमानिकांना शिकवणारं. एफएल अशा कामात २०१३ च्या डिसेंबरपर्यंत टिकलं. कलाईकुंडाच्या हवाई तळावर ते निवृत्त झालं.

बांधणीची सुरुवात कॉकपिटपासून होते, कारण धडाच्या दोन फोडी एकदा चिकटल्या की आत हात जात नाही. मला या सगळ्या कामात हा भाग सर्वांत प्रिय आहे. आपल्या हातातला उपकरणांचा फलक टपाल तिकिटापेक्षा लहान असतो. मिग-२१ च्या फलकाचे फोटो पाहिले तर त्याच्या मधोमध एक पांढरी उभी रेघ दिसते. बरीच वर्षं मला ती नुसती खूण वाटायची. विमान गरगरत खाली येऊ लागलं, वैमानिकाला वर-खाली, डावं-उजवं कळेनासं झालं, की दांडा त्या रेघेच्या रोखाने पुढे ढकलायचा. म्हणजे तो निदान मध्यावर तरी राहतो. तेवढ्यासाठी ती रेघ आहे. हे कळल्यावर ती काढताना माझा हात वेगळा चालू लागला. ट्रिपल झिरोच्या ब्रशमधले केस कापून तीन ठेवले, पांढरा रंग पाण्याने दुधासारखा पातळ केला, श्वास सोडला आणि वरून खाली एकदाच. वाकडी गेली तर ओल्या काडीने पुसून पुन्हा. माझी चौथ्यांदा सरळ आली. छत बसवल्यावर ती रेघ दिसते का? दिसते, एका ठरावीक कोनातून, विमान थोडं पुढे कलवलं तर.

बाकी कॉकपिटमध्ये सीटचे पट्टे पितळेच्या कोरीव पत्र्याचे असतात. कागदाहून पातळ, आणि चिमट्यातून एकदा उडाले की फरशीवर सापडत नाहीत. टेबलाला पुढून एक जुनी चादर बांधून तिचं दुसरं टोक मांडीवर घेऊन बसा. सोनार पूर्वीपासून अशीच झोळी बांधून बसत आले आहेत, कणभर सोनं वाया जाऊ नये म्हणून.

चिकटवण्याचं एक शास्त्र आहे आणि ते समजलं की अर्धी कामं सोपी होतात. प्लॅस्टिकच्या मॉडेलचा पातळ सिमेंट हा गोंद नव्हेच. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो. दोन भाग आधी हाताने जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून धावत जातो, जसं वातीतून तेल वर चढतं. मग हलकेच दाबलं की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड बाहेर येते. ती पुसायची नाही. एक-दोन दिवस वाळू द्यायची आणि मग पात्याने खरवडून वॉटर पेपरने घासायची. तीच सर्वांत चांगली लांबी, कारण ती त्याच प्लॅस्टिकची असते. तरीही फट राहिली तर गॅरेजमध्ये मोटारींना वापरतात ती एनसी पुट्टी चालते, आणि खोल खड्ड्याला एम-सील. जिथे नंतर खाच कोरायची आहे तिथे मात्र सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर कालवून भरा आणि तासाभरात घासून टाका. पुट्टीत सुई चालवली की कड तुटते; या मिश्रणात ती स्वच्छ कोरली जाते.

आण्णांनी दाखवलेली ती आडवी खाच मी अशीच पुन्हा कोरली. धडाभोवती जाड टेपची पट्टी गुंडाळून तिचा कठडा केला, शिवणाची सुई छोट्या चकमध्ये धरली आणि वजन न देता पंधरा-वीस वेळा फिरवली. पहिल्या दोन वेळा जोर दिला तर सुई भरकटते आणि धडभर ओरखडा पडतो. खोली वजनाने वाढवायची नसते, ती फेऱ्यांनी वाढते.

सुपरग्लूने माझं एक मोठं नुकसान केलं, तेही सांगतो. कॅनपी, म्हणजे काचेचं छत, मी घाईत त्याने चिकटवलं. रात्री झोपलो तेव्हा ते स्वच्छ होतं. सकाळी त्यावर आतून-बाहेरून पांढरी साय धरलेली. सुपरग्लूची वाफ बंद जागेत काचेवर बसते आणि तिथेच घट्ट होते. तीन महिन्यांचं कॉकपिट त्या धुक्याआड गेलं होतं. छत कापून काढावं लागलं. मग दोन हजारच्या वॉटर पेपरने पाण्यात घासलं, मलमलीच्या कपड्यावर पांढरी टूथपेस्ट घेऊन दोन संध्याकाळी चोळलं, तेव्हा ते पुन्हा आरपार दिसू लागलं. तेव्हापासून काचेच्या प्रत्येक भागाला मी साधा पांढरा फेव्हिकॉल वापरतो. तो वाळला की पारदर्शक होतो आणि चुकला तर ओल्या बोळ्याने निघतो.

उघडा धातू हा या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि तो मोठा असण्याला कारण आहे. डब्यातला चंदेरी रंग मारला की विमान खेळण्यासारखं दिसतं. खऱ्या विमानाचा पत्रा एका रंगाचा नसतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या वेळी वाकवलेला, काही बदललेला, काही हातांच्या वावराने घासलेला. आण्णांना मी फोटो दाखवले तेव्हा त्यांनी न विचारता कोणता पत्रा मागाहून बसवला ते बोटाने दाखवलं. मागे इंजिनाच्या तोंडाजवळचा धातू तर पोलादी, तापून तपकिरी-निळसर झालेला, जसा रोज चुलीवर ठेवलेल्या कढईचा तळ. हे दाखवायचे दोन मार्ग मी दिले आहेत. पहिला रंगाचा: खाली काळा चकचकीत थर, इतका गुळगुळीत की त्यात खिडकी दिसावी, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या चार-पाच छटा, तुकड्या-तुकड्याने टेप लावून. दुसरा मार्ग स्वयंपाकघरातल्या फॉइलचा. तिची एक बाजू चमकदार आणि एक मंद असते. शिवाय तिला लाटण्याच्या दिशेचा एक बारीक दाणा असतो. शेजारच्या दोन तुकड्यांत तो दाणा काटकोनात फिरवला की एकच फॉइल दोन धातूंसारखी दिसते. हे काम भयंकर वेळखाऊ आहे आणि मला ते रंगापेक्षा जास्त आवडतं.

नाकातला शंकू आणि शेपटाच्या पंख्याचं टोक गडद हिरवं असतं. तिथे धातू नाही. आतल्या रडारच्या आणि रेडिओच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून वेगळं साहित्य आहे. शंकू आत-बाहेर सरकतो, वेगाप्रमाणे हवेची वाट कमी-जास्त करतो. त्याच्याभोवतीच्या तोंडाची कड खऱ्या विमानात पात्यासारखी पातळ असते, आणि संचात जाड. ती आतून खरवडून पातळ करा. समोरून पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. या शंकूच्या मागे पोकळीत वजन घालायला विसरू नका, नाहीतर विमान शेपटावर बसेल. मी मासे पकडायच्या गळाचं शिसं घालतो.

पावसाळ्याबद्दल परदेशी पुस्तकांत काही नसतं. आपल्याकडे ते हवं. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात किंवा कोकणात लॅकर रंग फवारला तर तो डोळ्यांदेखत दुधाळ होतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली दमट वाफ त्यावर बसते आणि थरात अडकते. कंप्रेसरच्या नळीत पाणी जमून मध्येच थेंब उडतो तो वेगळाच. या महिन्यांत कॉकपिट करा, कोरीवकाम करा, डेकल जमवा आणि रंग नवरात्रापर्यंत थांबवा. थांबता येत नसेल तर दुपारी, पाऊस उघडल्यावर आणि थिनरमध्ये सावकाश उडणारं रिटार्डर घालून. कोणत्याही ऋतूत खिडकी उघडी आणि तोंडावर वाफेचं फिल्टर असलेला मास्क हवाच. घासायचं ते पाण्याखाली. ही धूळ छातीत जाण्यासारखी नाही आणि घरात लहान मूल असेल तर सिमेंटची बाटली कुलपात.

डेकलविषयी एकच गोष्ट इथे सांगतो. आपल्या हवाईदलाच्या गोल चिन्हात केशरी मध्ये, मग पांढरा, बाहेर हिरवा. छापील डेकलमध्ये केशरीचा कधी लाल होतो, कधी पिवळा. ज्या फोटोवरून काम करता त्या फोटोतलं उन्हाने विटलेलं केशरी पाहा आणि हवं तर स्वतः रंगवा. शेपटाजवळचा 'सी'ने सुरू होणारा क्रमांक लावला की विमानाचा प्रकार मागे पडतो आणि ते एक ठरावीक विमान होतं, कुणीतरी ठरावीक दिवशी उडवलेलं. म्हणून फोटो आधी आणि संच मागाहून, असा क्रम मी धरला आहे. दिल्लीला पालमच्या हवाईदल संग्रहालयात मिग-२१ जवळून पाहता येतात. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. तिथे मिग नाही, पण सी हॉक आणि सी हॅरियरच्या पंखाखाली उभं राहून चाकाची कोनाडी कशी असतात ते बघता येतं. फोटो काढताना सगळे पूर्ण विमान घेतात. तुम्ही चाकांच्या पायांवरच्या नळ्या घ्या, झाकणांच्या आतल्या बाजू घ्या, पत्र्यावरचे डाग घ्या.

हत्यारांसाठी फार खर्च नको. औषधांच्या दुकानात अकरा नंबरचं सर्जिकल पातं आणि तीन नंबरचा दांडा मिळतो. मी वीस वर्षं तोच वापरतो. स्प्रूवरून भाग कापायला चांगला कटर मात्र घ्या. भाग पिळून तोडला तर पांढरा व्रण राहतो आणि तो रंगाखालूनही दिसतो. वॉटर पेपर चारशे, सहाशे, हजार, दोन हजार. एक चांगला दिवा. एअरब्रश नसला तरी पहिलं मॉडेल हाताने रंगवता येतं. पातळ हात, जास्त वेळा.

हे पुस्तक लिहून होईपर्यंत आण्णांची नजर आणखी मंदावली. मसुद्यातली प्रकरणं मी त्यांना वाचून दाखवली. चाकांच्या प्रकरणात त्यांनी मला थांबवलं. पंखात दुमडणारा पाय आत जाताना चाक वळतं आणि धडात उभं बसतं, म्हणून पंखाच्या मुळाशी वर तो फुगवटा आहे, हे मी लिहिलं होतं. ते म्हणाले, "फुगवट्यावर हात ठेवून बघ, दोन्हीकडे सारखा आहे का." मी मॉडेल त्यांच्या हातात दिलं. डावा त्यांना कमी वाटला. मोजल्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला, खऱ्या विमानावर चोवीस मिलिमीटर. तो मी दुरुस्त केला आणि त्या पानावरचे फोटो पुन्हा काढले.

विमान आता पूर्ण आहे, पिटो नळी सोडून. प्लॅस्टिकची नळी मी कधीच वापरत नाही, ती पहिल्या धक्क्यात मोडते. इंजेक्शनच्या दोन सुया, जाडीत बारीक, अशा बसवून ती केली आहे. टोक कानशीने बोथट केलं आहे. ती एका काड्यापेटीत कापसावर ठेवली आहे. ओझरला आण्णांच्या टेबलावर विमान नेऊन ठेवलं की तिथेच ती लावणार आहे. बसमध्ये ती टिकणार नाही.